पिलबीमचं पान

"पानं दोन वाढायची आहेत," पद्माकर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला. "एक तुझ्या वडिलांचं."

मेधा वड्यांचं पीठ फेटत होती. "आणि दुसरं?"

"पिलबीमचं."

फेटणारा हात थांबला. आज सर्वपित्री अमावास्या. सिंगापूरच्या बिशानमधल्या ह्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून खीर, अळूवड्या आणि आमसुलाची चटणी चालली होती, आणि निदान आजच्या दिवशी तरी त्या माणसाचं नाव निघणार नाही, अशी मेधाची भाबडी समजूत होती.

"तो हिंदू होता का?" तिनं विचारलं.

"त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद कुठे सापडलेली नाही," पद्माकर म्हणाला. म्हणजे शक्यता खुली होती.

"अहो, पण तो तुमचा लागतो कोण?"

"कुणीच नाही. तोच तर प्रश्न आहे. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांच्या मागे कुणी नाही, त्यांच्यासाठी आजचा दिवस असतो. परवा तूच सांगत होतीस."

"ते मी साथीत गेलेल्या लोकांबद्दल म्हणत होते."

"पिलबीम कशानं गेला ते आपल्याला ठाऊक नाही. साथही असू शकते."

मेधानं पीठ पुन्हा फेटायला घेतलं. एवढ्या जोरात की वडे हलके होणार हे नक्की झालं.

पिलबीम हा इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातला क्रिकेटपटू. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तो एक मोठा सामना खेळला. पहिल्या डावात शून्य, दुसऱ्या डावात एक, नाबाद. संपलं. त्याचं पहिलं नाव कुणाला माहीत नाही. जन्म माहीत नाही, मृत्यू माहीत नाही, उजवा होता की डावरा तेही माहीत नाही. जगाच्या दृष्टीनं हा माणूस एका सोमवारी उगवला आणि बुधवारी मावळला. मेधाच्या दृष्टीनं मात्र तो तिच्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी घरात शिरला आणि त्यानंतर हलला नाही.

पद्माकर तेव्हा एका शिपिंग कंपनीत हिशेबतपासनीस होता. अहवाल तो लिहायचा, मीटिंगमध्ये वाचून साहेब दाखवायचे आणि चहापानाच्या वेळी अभिनंदनही साहेबच घ्यायचे. अशाच एका अभिनंदनाच्या दिवशी तो दुपारचा डबा न खाता लायब्ररीत जाऊन बसला, आणि जुन्या सामन्यांच्या एका जाडजूड पुस्तकात त्याला पिलबीम भेटला. त्या काळी एक रीत होती. फलंदाज झेलबाद झाला की ज्यानं झेल घेतला त्याचंच नाव लिहायचे. चेंडू कुणी टाकला, हे लिहायची पद्धतच नव्हती. त्या सामन्यात समोरचे सहा गडी झेलबाद झाले होते. पद्माकरच्या मते सहाही चेंडू पिलबीमचे होते. पुरावा काय, तर बाकीच्या दहा जणांपैकी एकाचाही चेहरा त्याला बॉलरचा वाटत नव्हता. चेहरे त्यानं पाहिले नव्हते.

पुढे संशोधन वाढलं. ससेक्समधल्या चर्चना पत्रं गेली. उत्तरांत दोन पिलबीम निघाले: एक गाड्यांची चाकं करणारा सुतार, दुसरा बदक चोरल्याबद्दल तुरुंगात गेलेला. ह्यातला क्रिकेटवाला कुठला, ते ठरेना. तेव्हा पद्माकरनं दोघांचीही आयुष्यं मनाला लावून घेतली. जेवता जेवता मध्येच थांबून तो म्हणायचा, "एका बदकासाठी सहा महिने, मेधा." लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मैत्रिणी पॅरिसला गेल्या, आणि मेधा ससेक्समधल्या एका दफनभूमीत पावसात छत्री धरून उभी राहिली. तिथे पिलबीम भरपूर होते. सगळे मेलेले.

"आणि नाही वाढलं तर?" तिनं आता विचारलं.

"तर मी बसत नाही. गुरुजींना सांग, नानांना दुसरा जावई मिळतो का बघा."

तो हे शांतपणे म्हणाला. तिच्या मर्मावर बोट आहे, हे त्याला ठाऊक होतं.

नाना, म्हणजे मेधाचे वडील, साथीच्या पहिल्या वर्षी पुण्यात गेले. विमानं बंद होती. अंत्यविधी तिनं फोनवर पाहिला. फोन भावाच्या ड्रायव्हरनं धरला होता आणि अर्धा पडदा त्याच्या अंगठ्यानं व्यापला होता, त्यामुळे तिच्या आठवणीत नाना गेले त्या दिवसाला एक नख आहे. भाऊ यशोधन श्राद्ध मानत नाही. तो दर वर्षी अनाथाश्रमात जेवण देतो आणि फोटो पाठवतो. फोटोत मुलं जेवत असतात आणि यशोधन हसत असतो. नानांचं पान कधी वाढलंच गेलं नव्हतं. ते एकदा वाढावं, कावळ्यानं त्याला शिवावं, आणि नानांचं काही राहिलं नाही असं एकदा कळावं, एवढंच मेधाला हवं होतं. 'मी बसले तर?' असं तिनं गुरुजींना विचारलं होतं. गुरुजी म्हणाले होते, 'मुलगी चालते की. पण जावई घरात धडधाकट असताना उगाच कशाला?'

तिनं दुसरं पान धुवायला घेतलं.

अकराच्या सुमाराला अदिती आली. अदिती त्यांची एकुलती एक मुलगी, जुरोंग ईस्टच्या एका ऑफिसात कंप्लायन्समध्ये. नियम कुठे मोडला जातोय ते शोधणं हा तिचा पेशा होता. स्वभाव आधीपासून तोच होता, पगार नंतर सुरू झाला. टेबलावरची दोन पानं पाहून तिनं चपलाही काढल्या नाहीत.

"हे कुठे ठेवणार आहात?"

"कारपार्कच्या गच्चीवर," मेधा म्हणाली. "तिथे कावळा येतो. मी पाहून ठेवलाय."

"आई, पक्ष्यांना फीड करणं इल्लीगल आहे, लाह. हजारांत फाइन बसतो." 'लाह' हे तिच्या बोलण्याला लागलेलं सिंगापूरचं शेपूट होतं.

"पक्ष्यांना कोण घालतंय? आजोबांना घालतोय."

"कॅमेऱ्यात आजोबा दिसत नाहीत, आई."

"मग तू ये आणि बघ कुणी येतंय का."

"म्हणजे गुन्ह्यात मी अबेटमेंट करायची?"

"तुझ्या आजोबांचं करायचं," मेधा म्हणाली. "शब्द तुला हवा तो लाव."

श्रीनिवास गुरुजी पुण्याहून लॅपटॉपवर प्रकट झाले तेव्हा पद्माकर पाटावर उघड्या अंगानं बसला होता. जानवं त्याला बॅडमिंटनच्या पिशवीत सापडलं होतं. नानांचं सगळं रीतसर झालं. नाव, गोत्र, काळे तीळ, पाणी. मेधा मागे उभी राहून नवऱ्याच्या हातावर लक्ष ठेवून होती. पाणी बरोबर अंगठ्याच्या बाजूनं पडत होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती, ह्याचाही तिला रागच आला.

"आता दुसरे गृहस्थ," गुरुजी म्हणाले. "नाव सांगा."

"पिलबीम."

"ते आडनाव झालं. नाव?"

"त्याचाच शोध चालू आहे."

"वडिलांचं नाव?"

"अज्ञात."

"गोत्र?"

"कश्यप धरू या का? ज्यांचं माहीत नसतं त्यांचं कश्यप धरतात ना?"

"धरतात," गुरुजी जरा कौतुकानं म्हणाले. "तयारी आहे तुमची. नातं काय लावायचं?"



"सवत," मेधा मागून म्हणाली.

"कोण बोललं?"

"ते मंत्रात घेऊ नका," पद्माकर म्हणाला.

गुरुजींना नवल वाटलेलं दिसलं नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी मेलबर्नच्या एका कुत्र्याचं केलं होतं. त्या मानानं पिलबीम निदान माणूस होता. "मित्र म्हणू," ते म्हणाले, आणि ससेक्सच्या एका माणसाला, तो सुतार असो की बदकचोर, कश्यप गोत्राच्या नावानं तीन वेळा पाणी मिळालं. तिसऱ्या वेळी पद्माकरचे डोळे भरून आले. नानांच्या वेळी ते कोरडे होते. मेधानं ते पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

तिथे टोपलीत एक संत्रं होतं. ते तिनं टेक्का मार्केटमधून मुद्दाम आणलं होतं. नानांच्या पानावर ठेवायला ते हातात घेतलं, तशी तिची पहिली दोन बोटं आपोआप फाकली आणि सालीवर आडवी बसली.

मेधा एकदा नागपूरला खेळली होती. महाराष्ट्राच्या मुलींच्या संघाकडून, विदर्भाविरुद्ध. ऑफस्पिन टाकायची. तीच पहिली आणि तीच शेवटची मॅच, कारण पुढच्या महिन्यात लग्न ठरलं. नाना रजा काढून तिच्याबरोबर आले होते. रात्रभर गाडीत त्यांनी तिला झोपू दिलं नाही; स्टेशनवर घेतलेलं संत्रं हातात देऊन बोटं कुठे ठेवायची ते सांगत राहिले. स्वतः ते कधी क्रिकेट खेळलेले नव्हते. त्या मॅचमध्ये तिनं चार विकेटी घेतल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'महाराष्ट्राच्या मुली विजयी.' मुलींना नावं असतात असं पेपराला वाटलं नसावं. त्यानंतर मरेपर्यंत, दर रविवारच्या फोनवर, नाना एकदा तरी म्हणायचे, 'मेधा, नागपूर.' ती म्हणायची, 'हो नाना, नागपूर.' ते नागपूर माहीत असलेला दुसरा माणूस जगात उरला नव्हता.

तसं पद्माकरला सांगितलं होतं. पाहण्याच्या कार्यक्रमात नानांनी त्याला अख्खी मॅच ऐकवली होती, चेंडूगणिक. पद्माकर पोहे खात होता. शेवटी तो म्हणाला होता, "वा." मेधाला बरेच दिवस वाटत होतं की ते मॅचला उद्देशून होतं.

कारपार्कच्या गच्चीवर ऊन उकळत होतं. गाडी एकही नव्हती, नुसत्या पांढऱ्या पट्ट्या आखलेल्या. शेजारशेजारच्या दोन चौकटींत दोन पानं मांडली गेली. पद्माकरनं पिलबीमचं पान पट्टीपासून वीतभर अलीकडे ठेवलं, मागे जाऊन पाहिलं, परत येऊन सरळ केलं. मेधानं नानांच्या पानाशेजारी संत्रं ठेवलं. अदिती गाड्यांच्या उताराच्या तोंडाशी उभी राहिली आणि आपला ह्या दोघांशी संबंध नाही अशा चेहऱ्यानं फोन बघू लागली.

कावळा दिव्याच्या खांबावर बसला होता. सिंगापूरचा कावळा. हॉकर सेंटरवर चिकन राइस मिळत असताना त्याला उडदाच्या वड्याची घाई असायचं कारण नव्हतं. खाली पाचसहा साळुंक्या येरझाऱ्या घालत होत्या. त्यांना मेधा पदरानं हाकलत होती.

"राहिलेलं काही असेल तर बोलावं लागतं," पद्माकर म्हणाला आणि पिलबीमच्या पानासमोर हात जोडून उभा राहिला. सुरुवात त्यानं इंग्रजीत केली, पण कावळा आपल्याकडचा असावा असं वाटून मराठीवर आला. "पिलबीम, ते सहाही झेल तुझ्याच बॉलिंगवर गेले. जगानं लिहिलं नाही. मी लिहीन. माझा शब्द आहे."

कावळा खाली उतरला. सरळ पिलबीमच्या पानावर. वडा उचलला, अळूवडी उलटीपालटी केली, खिरीत चोच बुडवली आणि खांबावर जाऊन बसला.

"सव्वादोनशे वर्षांनी जेवला," पद्माकर म्हणाला.

मेधानं एका साळुंकीला पदरानं उडवलं. तिच्या बापाच्या पानावरची खीर उन्हात साय धरायला लागली होती.

"बाबा, आता आजोबांचं बोला," अदिती लांबून म्हणाली. "आणि लवकर."

पद्माकर सरकून दुसऱ्या पानासमोर आला. "नाना," तो म्हणाला, "यशोधनचं आणि आमचं सगळं मिटलं असं समजा."

कावळा हलला नाही.

"मेधाला मी काही कमी पडू दिलेलं नाही."

कावळ्यानं पाठ फिरवली.

"अदितीचं लग्नही—"

"मला मध्ये आणू नका," अदिती म्हणाली.

पद्माकरनं घाम पुसला. "काय राहिलं असेल गं त्यांचं?"

"मला विचारताय?"

"तुझे वडील आहेत. तुला माहीत असायला हवं. माझ्या माणसाचं मला माहीत होतं."

ह्या शेवटच्या वाक्यावर मेधानं त्याच्याकडे असं पाहिलं की साळुंक्यासुद्धा दोन पावलं मागे सरकल्या. मग ती त्याला बाजूला करून पानासमोर उभी राहिली. हात जोडले नाहीत. रविवारच्या फोनवर बोलायची त्याच आवाजात बोलली.

"नाना, नागपूर. चार विकेटी. दोन बोल्ड, एक पायचीत, एक झेल. झेलाच्या वेळी तुम्ही ताडकन उठलात आणि तुमची टोपी पुढच्या बाईच्या मांडीवर पडली. ती बाई तुम्हाला बरंच बोलली. मला सगळं आठवतंय. तुम्ही गेलात म्हणून काही पुसलं गेलेलं नाही. आता जेवा."

"कुठलं नागपूर?" पद्माकर म्हणाला.

मेधा वळली. अदितीनं फोन खाली घेतला आणि उतार सोडून पुढे आली.

"आई, विकेटी कुणाच्या?"

"विदर्भाच्या."

"कुणी घेतल्या?"

"मी."

अदिती आईकडे बघत राहिली. मग बापाकडे वळली. "बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," पद्माकर म्हणाला. "म्हणजे, कानावर आलं होतं."

"पोहे खात होतात," मेधा म्हणाली.

"तू परत कधी बोलली नाहीस."

"पिलबीम बोलला होता?"

पद्माकरनं पिलबीमच्या पानाकडे पाहिलं. खाली कुठेतरी बस थांबल्याचा फुसकारा ऐकू आला. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, मेलेल्या पिलबीमकडून त्याला काही मदत होईना.

"वडा," अदिती म्हणाली.

तिघांनी पाहिलं. नानांच्या पानावर वडा नव्हता. खिरीची साय फाटली होती, चटणीत कुणाचं तरी पाऊल उमटलं होतं. खांबावर कावळा चोच पुसत होता. खाली साळुंक्या अत्यंत सभ्य चेहऱ्यानं चालत होत्या.

"कुणी नेला?" पद्माकरनं विचारलं. "कावळा उतरताना पाहिला कुणी? अदिती?"

"मी आईकडे बघत होते."

"मग नक्की कसं म्हणता येईल? साळुंकीनं नेला असेल तर तो धरता येत नाही. गुरुजींना विचारायला हवं. नोंद जर—"

"नेला," मेधा म्हणाली.

"पण कुणी—"

"वडा गेला. एवढं पुरे आहे. तुमच्या पिलबीमच्या सहा झेलांना तेवढाही पुरावा लागला नव्हता."

उताराच्या खालून गाडीचा आवाज येऊ लागला. "चला, चला," अदिती म्हणाली, आणि कंप्लायन्समधल्या त्या मुलीनं दोन्ही पानांची गुंडाळी करून ती बापाच्या पिशवीत कोंबली, चटणीचा डाग आपल्या चपलेनं पुसला, आणि सगळ्यांच्या पुढे जिना उतरली. मेधा तेवढं संत्रं उचलून घेऊन आली. त्याला कुणी शिवलं नव्हतं.

घरच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये वर जाताना तिघं तीन दिशांना तोंड करून उभी राहिली. मेधाच्या हातात संत्रं होतं. पद्माकर त्याच्याकडे बघत होता. त्याच्याकडे म्हणण्यापेक्षा तिच्या दोन फाकलेल्या बोटांकडे. ती बोटं तो कित्येक वर्षं भाजी निवडताना, कपड्यांना चिमटे लावताना, छत्री धरताना पाहत आला होता.

"ऑफस्पिन?" त्यानं विचारलं.

मेधानं संत्रं तळहातात फिरवलं.

"मॅच कुठल्या साली झाली? बरोबर आणखी कोण होतं? मेधा, मला नीट सांग, कुठेतरी कागद असेलच. मी लिहितो त्यांना. विदर्भाकडे असेल, नागपूरला असेल. मी काढतो शोधून."

"तुम्ही आधी पिलबीमचं नाव शोधा," मेधा म्हणाली. "माझं तुम्हाला माहीत आहे."

लिफ्ट आठव्या मजल्यावर थांबली. कुणीच आत आलं नाही. दार पुन्हा लागलं.

मेधानं अंगठ्याचं नख सालीत रोवलं. लिफ्टभर नागपूर पसरलं. तिनं संत्रं सावकाश सोललं, दोन फोडी अदितीला दिल्या, एक स्वतः तोंडात टाकली. सालं तिनं पद्माकरच्या हातावर ठेवली. टाकायला तिथे जागा नव्हती. मघाशी पाणी सोडताना केली होती तशीच ओंजळ करून, ती सालं सांडू न देता, तो अकराव्या मजल्याची वाट बघत उभा राहिला.